पासपोर्ट आणि साहेबांची मर्जी

कायदे संसद करते, हे आपण शाळेत शिकलो. पण तुमच्या-आमच्या वाट्याला येते ती कायद्याखालची नियमावली, आणि तिच्याही खाली साहेबांची मर्जी! पासपोर्टचेच पाहा ना. १९६७ पर्यंत तो कोणाला द्यावा नि कोणाला नाकारावा, याचा कायदाच नव्हता. सरकारच्या मनात आले तर मिळे. सतवंतसिंग साहनी या गृहस्थांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही, असा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी लागला. त्याच वर्षी घाईघाईने पासपोर्टचा कायदा आला.

मर्जी मात्र गेली नाही. ती कलमात जाऊन बसली. जुलै १९७७ मध्ये मेनका गांधींना पत्र आले: सार्वजनिक हितासाठी सात दिवसांत पासपोर्ट जमा करा. त्यांनी कारण विचारले, तर तेही सार्वजनिक हितासाठीच सांगता येत नाही म्हणे! बोलणेच खुंटले. अखेर १९७८ साली न्यायालयाने बजावले, की कार्यपद्धती न्याय्य हवी, माणसाचे म्हणणे ऐकायलाच हवे. तशी हमी सरकारलाही द्यावी लागली.

म्हणून आमच्या बिऱ्हाडातल्या पोरांना मी सांगतो, खिडकीवरच्या तोंडी नकारावर घरी परतू नका. लेखी कारण मागा. पाचव्या कलमाप्रमाणे ते द्यावे लागते. काही अपवाद आहेत, आणि त्यांत 'सार्वजनिक हित' अजूनही आहेच.