कोपऱ्यात थांबलेलं रक्त

कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक येतं. आषाढात इथली भातखाचरं तुडुंब भरलेली असतात. बांधाच्या तोंडातून पाणी येतं-जातं तिथं ते नितळ असतं. पण ज्या अडचणीच्या कोपऱ्यात पाणी हलतच नाही, तिथं चार दिवसांत शेवाळ धरतं.

असाच एक कोपरा तुमच्या छातीतही आहे, हे ठाऊक होतं?

हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी लोंबत असते. दर ठोक्याला ती पिळली जाते आणि आतलं रक्त बाहेर ढकललं जातं. असं दिवसाला सुमारे 1 लाख वेळा होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

पण हा ठोका देतं कोण? मेंदू? मुळीच नाही, हृदय स्वतःच देतं. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी 1907 मध्ये तो जगापुढे मांडला. त्यांना तो आधी दिसला कुठं? जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या इवल्याशा प्राण्याच्या हृदयात! दिंडीत पखवाजावर थाप पडली की पन्नास टाळ एकदम वाजतात ना, तशी या पुंजक्याची थाप पडली की सगळं हृदय एका तालात आकसतं.

उतारवयात कधी कधी ही थाप कुणाला ऐकूच येईनाशी होते. पन्नास टाळकरी पन्नास तालांत वाजवू लागतात. वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विजेच्या लहरी उसळतात. कप्पा आकसत नाही, नुसता थरथरतो. यालाच डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. काहींना छातीत धडधडतं, पण कित्येकांना काहीच जाणवत नाही.

आता त्या पिशवीचं काय होत असेल? तेच, जे खाचराच्या कोपऱ्याचं होतं. रक्त तिथं रेंगाळतं आणि गोठतं. झडपांचा आजार नसलेल्या अशा रुग्णांत डाव्या कप्प्यातल्या गुठळ्यांपैकी सुमारे 90 टक्के या पिशवीतच सापडतात. त्यातली एखादी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासाने 1991 मध्ये दाखवलं की या विकाराने तो धोका जवळजवळ पाचपट होतो.

इथवर सगळं सरळ आहे. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांना 1997 मध्ये दिसलं की असा बेताल ठोका असलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंश साधारण दुपटीने आढळतो. पुढे त्याच शहरात वीस वर्षांपर्यंत लोकांवर लक्ष ठेवलं, तेव्हाही संबंध टिकला. आणि कधीच पक्षाघात न झालेल्यांतही तो दिसला! मग बेताल ठोका आठवणींपर्यंत पोचतो तरी कसा?

संशय तिघांवर आहे. पहिला, बारीक गुठळ्या. त्या हात लुळा पाडत नाहीत की बोलणं अडवत नाहीत, मेंदूत एखादा ठिपका जाळून गप्प बसतात. स्वित्झर्लंडमध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा पक्षाघात कधी झालाच नाही म्हणणाऱ्यांतही असे जुने डाग निघाले.

दुसरा, पुरवठा. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा खातो 20 टक्के! एक ठोका लवकर, दुसरा उशिरा पडला, की चढउताराचा फटका अगदी टोकाच्या केशवाहिन्यांना बसत असावा. पाटाला पाणी कमी आलं की शेवटचं खाचर कोरडं राहतं, तसंच.

तिसरा संशयित सगळ्यात अद्भुत. 2012 मध्ये आणि त्यानंतर उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मेंदूतला कचरा धुऊन नेणारा एक प्रवाह असतो, आणि त्याला रेटा मिळतो तो रक्तवाहिन्यांच्या ठोक्यांचा. म्हणजे नाडी मेंदू धुतेसुद्धा! मग ताल बिघडला की धुणंही बिघडत असेल का? तर्क आहे, पुरावा नाही.

शिवाय वय, ब्लडप्रेशर, शुगर हे हृदय आणि मेंदू दोघांनाही पोखरतात. म्हणजे चोर या तिघांबाहेरचाही असू शकतो. मग गुठळ्याच रोखल्या तर? स्वीडनमध्ये 2018 च्या पाहणीत हा विकार असलेल्यांपैकी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश 29 टक्क्यांनी कमी दिसला. पण 2024 मध्ये कॅनडातल्या ‘ब्रेन-एएफ’ चाचणीत पक्षाघाताचा धोका कमी असलेल्यांना तशी गोळी देऊन पाहिली, तर बुद्धीची घसरण काही थांबली नाही. मात्र त्या रुग्णांचं सरासरी वय होतं 53 आणि चाचणी चालली चारेक वर्षं. स्मृतिभ्रंशाची मुळं तर कित्येक वर्षं आधीपासून रुजत असतात. कोडं अजून सुटलेलं नाही. पक्षाघात टाळण्यासाठी मात्र ज्यांना गरज आहे त्यांना या गोळ्यांचा उपयोग होतो, ही गोष्ट पक्की. फक्त त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायच्या.

टाकव्यातल्या एखाद्या पडवीत आजी नातवांची नावं एकमेकांत गुंतवते आणि घरचे हसून म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी.’ हसा, पण तिचा हातही हातात घ्या. अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटं टेकवा आणि मिनिटभर मोजा. एखादा ठोका चुकला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण कसलाच क्रम लागेना, तर एक ईसीजी काढून घ्या. कोपरा तुंबला की शेतकरी फावडं घेऊन बांधाचं तोंड मोकळं करतो, कारण त्याला ते बांधावरून दिसतं. छातीतला कोपरा दिसत नाही, पण मनगटावर त्याची कुणकुण लागते.