कीटकनाशकांची विषबाधा

पिकांवरील, साठविलेल्या धान्यावरील वा घरातील कीटकांच्या नाशासाठी वापरण्यात येणारी रसायने त्वचा, श्वसनमार्ग किंवा अन्नमार्ग यांवाटे माणसाच्या शरीरात शिरून जो विकार निर्माण करतात, त्यास कीटकनाशकांची विषबाधा असे म्हणतात. ही विषबाधा तीव्र (थोड्या वेळात मोठी मात्रा शरीरात गेल्यामुळे होणारी) किंवा दीर्घकालीन (अल्प मात्रा वारंवार शरीरात गेल्यामुळे होणारी) असू शकते. तिचे तीन मुख्य प्रसंग आढळतात : फवारणी करताना होणारी व्यवसायजन्य विषबाधा, अन्नाद्वारे वा अपघाताने होणारी विषबाधा आणि आत्मघाताच्या हेतूने घेतलेले विष. शेवटच्या प्रकारात जगात दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. त्यांतील बहुसंख्य आशियातील ग्रामीण भागांतील असतात.

या विषयाचा अभ्यास वैद्यक, समाजशास्त्र, कृषिविज्ञान व रसायनशास्त्र या चार शाखांत स्वतंत्रपणे सुरू झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला वाचविणे, हे वैद्यकाचे काम होय. परंतु तो रुग्ण तेथे का आला याचे उत्तर शेतात, दुकानात व कारखान्यात शोधावे लागते, हे या संशोधनाने दाखवून दिले आहे.

इतिहास : पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञांना १९३९ साली डीडीटी या संयुगाच्या कीटकनाशक गुणधर्माचा शोध लागला. त्याबद्दल त्यांना १९४८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत गेरहार्ट श्राडर हे फॉस्फरसयुक्त कार्बनी संयुगांवर काम करीत होते. कीटकनाशकांच्या शोधात असता १९३६ मध्ये त्यांना टाबून हे अतिविषारी संयुग सापडले व ते युद्धोपयोगी वायू म्हणून पुढे आले. १९४४ मध्ये त्यांनीच पॅराथिऑन हे कीटकनाशक तयार केले. शेतातील औषध व युद्धातील विष यांचे कूळ एकच आहे, ही गोष्ट या संयुगांचे स्वरूप समजण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त संयुगे पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहतात, याकडे रेचेल कार्सन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने जगाचे लक्ष वेधले. यानंतर या संयुगांची जागा लवकर विघटन पावणाऱ्या फॉस्फरसयुक्त संयुगांनी मोठ्या प्रमाणात घेतली. पर्यावरणातील साठा त्यामुळे कमी झाला. मात्र फवारणी करणाऱ्या माणसाला असलेला तात्कालिक धोका वाढला.

विषक्रिया व लक्षणे : तंत्रिकेकडून (मज्जातंतूकडून) स्नायूकडे वा ग्रंथीकडे संदेश पोहोचविण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे द्रव्य करते. काम होताच कोलिनेस्टरेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडून येण्यास मदत करणारे प्रथिन) त्याचे तत्काळ विघटन करते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या एंझाइमाला चिकटून ते निकामी करतात. त्यामुळे ॲसिटिलकोलीन साचत जाते व संदेश थांबतच नाही. डोळ्यांतून पाणी येणे, लाळ व घाम सुटणे, बाहुल्या बारीक होणे, उलट्या, जुलाब, स्नायूंचे स्फुरण, छातीत स्राव भरून श्वास कोंडणे ही लक्षणे यातून उद्भवतात. मृत्यू बहुधा श्वसनक्रिया बंद पडल्यामुळे येतो. पॅराथिऑनसारखी काही संयुगे मुळात तितकी क्रियाशील नसतात. यकृतात त्यांचे अधिक विषारी रूपांतर होते, त्यामुळे लक्षणे काही काळाने दिसू लागतात. कार्बामेट वर्गातील संयुगेही याच एंझाइमावर परिणाम करतात. पण त्यांचे बंधन काही तासांत आपोआप सुटते.

तीव्र लक्षणे ओसरल्यानंतर एक ते चार दिवसांत मान, हातापायांचे वरचे भाग व श्वसनाचे स्नायू अचानक दुर्बल होण्याची अवस्था काही रुग्णांत आढळते. तिचे वर्णन १९८७ मध्ये श्रीलंकेतील वैद्यांनी केले. रुग्ण सुधारला असे समजून त्याला लवकर घरी पाठविणे धोक्याचे का असते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

उपचार : विषबाधा झालेल्या व्यक्तीला प्रथम फवारणीच्या जागेपासून दूर न्यावे, तिचे कपडे काढावेत आणि अंग साबण व भरपूर पाणी वापरून धुवावे. मदत करणाऱ्याने आपल्या हातांना विष लागू देऊ नये. रुग्णास मुद्दाम ओकारी काढावयास लावू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील वेष्टन रुग्णाबरोबर रुग्णालयात न्यावे, कारण उपचार रसायनाच्या वर्गावर अवलंबून असतात. ॲट्रोपीन हे फॉस्फरसयुक्त संयुगांवरील मुख्य औषध होय. ते ग्रंथी व श्वासनलिका यांवरील ॲसिटिलकोलिनाचा परिणाम रोखते. छातीतील स्राव थांबेपर्यंत त्याची मात्रा वाढवीत न्यावी लागते व गरजेनुसार कृत्रिम श्वसन द्यावे लागते.

निकामी झालेले एंझाइम पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम हे औषध देतात. परंतु त्याच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. बारामती येथील डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हे औषध मोठ्या मात्रेत शिरेतून अखंड दिल्यास मृत्यूंचे प्रमाण घटते, असे दिसून आले. या चाचणीतील रुग्ण लवकर दाखल झालेले होते व त्यांना अतिदक्षता विभागातील सेवा उपलब्ध होती. श्रीलंकेत झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र असा लाभ आढळला नाही. रसायनाचा प्रकार, घेतलेली मात्रा व रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला वेळ यांवर परिणाम अवलंबून असावेत, असे यावरून दिसते. विशिष्ट वेळेनंतर एंझाइम व विष यांचे बंधन कायमचे होते आणि मग या औषधाचा उपयोग होत नाही. म्हणजे गावापासून रुग्णालयाचे अंतर हादेखील उपचाराचाच एक घटक ठरतो.

फवारणी व सामाजिक परिस्थिती : फवारणीच्या कामात सर्वाधिक विष त्वचेवाटे शरीरात जाते. तीव्र द्रावण मोजून पाण्यात मिसळणे, गळका पाठीवरचा पंप, तुंबलेली तोटी तोंडाने फुंकणे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालणे ही त्याची नेहमीची कारणे होत. संरक्षक पोशाख हा यावरील उपाय म्हणून सांगितला जातो. तथापि तो प्रामुख्याने थंड हवामानातील शेती समोर ठेवून तयार झालेला आहे; विदर्भातील भाद्रपद-आश्विनाच्या उन्हात तो दिवसभर अंगावर ठेवणे कठीण असते. शिवाय फवारणी करणारा पुष्कळदा शेताचा मालक नसून रोजंदारीवरील मजूर असतो. कोणते औषध, किती प्रमाणात व कोणत्या मिश्रणाने फवारावयाचे, हे तो ठरवीत नाही. पंपांच्या संख्येवर मजुरी मिळत असेल, तर विश्रांती घेणे त्याला परवडत नाही.

या सर्व गोष्टी २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात एकत्र आल्या. बीटी कपाशीवरील गुलाबी बोंडअळी विषद्रव्याला दाद देईनाशी झाली होती. कपाशीची दाट व डोक्याइतकी उंच वाढ झाल्यामुळे फवारा तोंडावर व डोळ्यांत जात होता आणि अनेक ठिकाणी निरनिराळी कीटकनाशके एकत्र मिसळून फवारली जात होती. वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वेळी वापरात असलेल्या रसायनांपैकी डायफेंथियुरॉनसारखी काही फॉस्फरसयुक्त नव्हती व त्यांवर विशिष्ट उतारा नव्हता. मिश्रणामुळे नेमके कशाने विष चढले, हे ठरविणे डॉक्टरांना अवघड झाले. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. अशा घटनांत केवळ ‘निष्काळजीपणा’ हे कारण नोंदविणे अपुरे असते, हे या घटनेने दाखविले.

विषाची उपलब्धता : आत्मघाताच्या हेतूने विष घेण्याची कृती पुष्कळदा तात्कालिक भावनेच्या भरात घडते. अशा वेळी हाताशी असलेल्या विषाची तीव्रता किती, यावर मनुष्य वाचणे वा न वाचणे अवलंबून राहते. वाचलेल्यांपैकी बहुतेकजण पुढे आत्मघाताने मरत नाहीत, म्हणून या गोष्टीस महत्त्व आहे. श्रीलंकेने १९८४ मध्ये पॅराथिऑनवर, १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील पहिल्या वर्गाच्या (सर्वाधिक विषारी) उरलेल्या कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. २००८ ते २०११ या काळात आणखी तीन रसायने टप्प्याटप्प्याने बंद केली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. विष घेण्याचे प्रसंग त्या मानाने कमी झाले नाहीत. त्यांतून होणारे मृत्यू कमी झाले. या बंदीमुळे भाताचे उत्पन्न घटल्याचे आढळले नाही.

याउलट, घरोघरी कुलूपबंद पेट्या दिल्यास मृत्यू टळतील, ही अपेक्षा फोल ठरली. श्रीलंकेतील १८० गावांत केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पेट्यांचा परिणाम दिसून आला नाही. २०२१ मध्ये त्याच देशाने रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात एकाएकी थांबविली. तेव्हा उत्पन्न घसरले व काही महिन्यांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. निवडक, अतिविषारी रसायने पर्याय पाहून बंद करणे व सर्वच रसायने एकदम बंद करणे यांत असा मोठा फरक आहे.

कृषी : अधिक फवारणी म्हणजे अधिक पीक, हे समीकरण सर्वत्र खरे ठरत नाही. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांचा भातावरील उपद्रव फवारणीनेच वाढल्याचे आढळले. कारण तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक फवारणीत मरत. १९८६ मध्ये तेथील शासनाने भातावरील ५७ कीटकनाशकांना मनाई केली व १९८९ पर्यंत त्यांवरील अनुदानही थांबविले. भाताचे उत्पादन टिकून राहिले. शेतकऱ्यांनी स्वतः शेतात कीटकांचे निरीक्षण करून निर्णय घ्यावेत, यासाठी सुरू झालेल्या शेतीशाळा पुढे अन्य देशांतही पोहोचल्या. एकात्मिक कीड नियंत्रणात मशागत, प्रतिकारक वाण, कामगंध सापळे, मित्रकीटक यांचा आधी वापर करतात आणि किडीने ठरावीक आर्थिक मर्यादा ओलांडल्यावरच रसायनाकडे वळतात.

हरित रसायनशास्त्र : विष निर्माण झाल्यानंतर त्यापासून बचाव करण्याऐवजी ते निर्माणच होऊ न देणे, हे या शाखेचे सूत्र असून पॉल ॲनस्टस व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये तिची १२ तत्त्वे मांडली. कीटकनाशकांच्या बाबतीत उत्पादनपद्धती, साठवण व रेणूची रचना या तिन्ही ठिकाणी ही दृष्टी उपयोगी पडते. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कार्बारिल हे कीटकनाशक बनविताना हा मधला पदार्थ लागत असे व त्याचा सुमारे ४० टन साठा एका टाकीत होता. विक्रियांचा क्रम बदलल्यास कार्बारिल या पदार्थाशिवाय तयार होऊ शकते. मात्र दोन्ही मार्गांत फॉस्जीन हा विषारी वायू लागतोच.

साठवणीतील धोक्याचे उदाहरण पाकिस्तानातील आहे. मॅलॅथिऑन सस्तन प्राण्यांना तुलनेने कमी विषारी असते, कारण शरीरातील एंझाइमे त्याचे लवकर विघटन करतात. १९७६ मध्ये तेथील हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेतील सुमारे ७,५०० फवारणी कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना त्याची बाधा झाली व पाच जण मरण पावले. साठविलेल्या भुकटीत आयसोमॅलॅथिऑन हे अपद्रव्य तयार झाले होते व ते शरीरातील या विघटनालाच अडथळा करीत होते.

रेणूची रचना निवडताना कीटकात आहे पण माणसात नाही, अशा क्रियेला लक्ष्य करता येते. टेब्युफेनोझाइड हे अळीच्या कात टाकण्याच्या हॉर्मोनाची नक्कल करते. स्पिनोसॅड हे मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून मिळते. या दोहोंना अनुक्रमे १९९८ व १९९९ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा अध्यक्षीय पुरस्कार मिळाला. कडुनिंबाच्या बियांतील ॲझॅडिरॅक्टिन हे संयुग १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. ते अळीची भूक व वाढ रोखते आणि उन्हात लवकर विघटन पावते. हा गुण पर्यावरणास हितकारक असला, तरी त्यामुळे फवारणी सायंकाळी व वारंवार करावी लागते. महाराष्ट्रात पाच टक्के निंबोळी अर्क शेतकरी घरीही तयार करतात. वनस्पतिज म्हणजे निर्धोक असे मात्र नाही. निकोटीन हे वनस्पतिज असूनही तीव्र विष आहे.

कायदा : १९५८ मध्ये केरळात वाहतुकीत पॅराथिऑन मिसळलेले अन्नधान्य खाल्ल्यामुळे शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर झालेल्या चौकशीतून भारताचा १९६८ चा कीटकनाशक कायदा आला व त्याखालील नियम १९७१ मध्ये झाले. वेष्टनावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती श्रेणी दर्शवितो. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ मध्ये मना करण्यात आला. तरीही जुलै २०१३ मध्ये बिहारमधील एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या तेलात ते आढळले व २३ मुले मरण पावली. रसायन बाजारात राहू देऊन केवळ त्याचा वापर मर्यादित करणाऱ्या नियमाची परिणामकारकता किती अल्प असते, हे त्यातून दिसून आले. काजूच्या बागांवरील हवाई फवारणीनंतर केरळातील कासारगोड जिल्ह्यात आढळलेल्या विकारांमुळे एंडोसल्फानचा प्रश्न देशभर गाजला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली.

या सर्व अनुभवांवरून प्रतिबंधाचा क्रम ठरविता येतो. अतिविषारी रसायन बाजारातून काढणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. त्याला पर्याय देणे हे कृषिविज्ञानाचे व रसायनशास्त्राचे काम आहे. फवारणीच्या कामाची परिस्थिती सुधारणे त्यानंतर येते व संरक्षक पोशाख, सूचना व इशारे यांचा क्रम शेवटचा लागतो. प्रत्यक्षात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा ठेवला जातो आणि सुरक्षिततेची जबाबदारी, जो ती पार पाडण्यास सर्वांत कमी समर्थ असतो, त्या पंप पाठीवर घेतलेल्या मजुरावर येऊन पडते.