मंडईचा आवाज आणि रेडिओचा पल्ला

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री खडीगंमत नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. घरं पाहुण्यांनी भरलेली, बांध्यांत धानाची कापणी चाललेली. एवढं गाणं, एवढी शाहिरी वर्षात दुसऱ्या कुठल्या मोसमात होत नाही. मोबाइलवर त्यातलं पुष्कळ टिपलंही जातं. पण गायकाचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. अशी चित्रफीत पुढच्या मंडईपर्यंत कुठल्या कुठे जाते.

नाव-गाव-सालासकट आवाज जपण्याची शिस्त आपल्याकडे आकाशवाणीने लावली. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, राजधानी दूर गेली. केंद्र मात्र साठेक किलोमीटरवरच राहिलं. ५८५ किलोहर्ट्झची त्याची मध्यमलहर जमिनीला धरून पसरणारी, त्यामुळे शहरापासून लांबच्या शिवारातही आवाज पोचायचा. एफएमचं तसं नसतं. त्याचा पल्ला मनोऱ्याची उंची आणि नजरेच्या टप्प्यावर ठरतो.

तरी प्रक्षेपकापेक्षा मोलाची होती ती केंद्राभोवतीची माणसं. खेड्यातला शाहीर किंवा भजनी गायक स्वरचाचणी द्यायचा, श्रेणी मिळवायचा, ध्वनिमुद्रणाचं कराराचं पत्र घेऊन नागपूरला जायचा. पत्रिकेवर ‘आकाशवाणी कलावंत’ छापणं ही गावात मोठी पदवी. निवेदनाचा भार नैमित्तिक उद्घोषकही वाहतात; त्यांना कायम नोकरी नाही, ड्युटीगणिक मानधन. कार्यक्रम कमी झाले की सगळ्यात आधी तुटतात ते हेच धागे. प्रसारणाची वास्तू जपायची आणि तिथला माणूस सोडून द्यायचा, याला जतन म्हणता येत नाही.

दूरचित्रवाणीत ही तुटातूट अधिक वेगाने झाली. दूरदर्शनने आपले बहुतेक जुने ॲनालॉग भूप्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद केले. घरावरचा ॲन्टेना गेला आणि छत्री आली. ‘डीडी फ्री डिश’वर देशभरच्या वाहिन्या दिसतात, आपल्या तालुक्याची बातमी दिसत नाही. ती दाखवायचा केबलवाला, स्वतःच्या स्थानिक वाहिनीवर. २०१७ पर्यंत केबलचं डिजिटलीकरण सक्तीचं झालं, तेव्हा लहान केबलचालकाला स्वतःचं नियंत्रण केंद्र परवडेना. मोठ्या कंपनीचा सिग्नल घेऊन तो नुसता वाटप करणारा उरला.

खासगी एफएमचा हिशेब तर मुळातच शहराचा. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात, सीमाभागातली काही गावं सोडली तर, किमान एक लाख लोकवस्तीची शहरं धरली गेली. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या ९१,८४५ होती. जिल्हा १२ लाखांचा, त्यातले दहापैकी आठ लोक खेड्यात. पण मोजलं गेलं फक्त शहर. १९९९ मध्ये याच जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदियाचं नाव ऑगस्ट २०२४ मध्ये खासगी एफएमसाठी मंजूर झालेल्या २३४ शहरांच्या यादीत आहे. धान पिकवणाऱ्या माणसाला रेडिओ हवा की नको, हे जवळच्या शहराच्या शिरगणतीवर ठरावं, हे धोरण मला मान्य नाही.

वाट आहे ती सामुदायिक रेडिओची. प्रसारलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून बोलतं आहे, तेही दुष्काळी माणच्या भाषेत. अशा केंद्राचा पल्ला पाच ते पंधरा किलोमीटर. म्हणजे भंडाऱ्याच्या एका केंद्राने जिल्ह्याचं भागणार नाही. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर यांना आपापलं लागेल. मला ही अडचण वाटत नाही. तुमसरच्या तांदळाच्या बाजाराची आणि पवनीच्या गोसीखुर्द विस्थापितांची गरज एक नाहीच.

बंधनं आहेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात. पण हवामान, बाजारभाव, पूर, आरोग्य यांची स्थानिक माहिती देता येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं. वरच्या धरणांतून सुटलेलं पाणी आपल्या मोहल्ल्यात किती वाजता पोचेल, हे मोहल्ल्याच्या बोलीत सांगणारा आवाज अशा वेळी जीव वाचवतो.

कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, धानाचं संशोधन आहे. झाडीबोलीचा अभ्यास उभा करणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर साकोलीचेच. शेती आणि बोली, केंद्राला लागणारं दोन्ही त्या एका गावात आहे.

परवाना येईपर्यंत थांबू नका. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या मंडईपासून दंडारी ध्वनिमुद्रित कराव्यात, प्रत्येक फितीवर कलावंताचं नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि कलावंताला मानधन द्यावं. निवृत्त उद्घोषकांना बोलावून मुलांना माइकसमोर उभं राहायला शिकवावं. आणि तुमच्या घरी नागपूर केंद्राचं कराराचं जुनं पत्र किंवा कॅसेट असेल, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाला द्या.