बिडाचा तवा : गिऱ्हाइकाची भीती घालवा, माल खपेल

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागात भाकरी भाजायला किंवा बकरी ईदला कलेजी परतायला जाड बिडाचा तवा उत्तम. तरी दुकानात गिऱ्हाईक तो उचलून पाहते आणि ‘गंजेल, चिकटेल’ म्हणून परत ठेवते. या अडचणीवरचा उपाय या धंद्याच्या इतिहासातच आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण ३ ते ४ टक्के असतो. त्यामुळे ते पोलादापेक्षा लवकर वितळते, वाळूच्या साच्यात सहज ओतता येते. मात्र ठिसूळ असल्याने घणाखाली घडवता येत नाही. लोहाराचा पत्र्याचा तवा आणि ओतशाळेतला बिडाचा तवा हे दोन वेगळे माल आहेत. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचे पेटंट घेतले.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. अनुभव आल्यावरच भीती गेली. भोरसारखेच संस्थान असलेल्या औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

अमेरिकेत बिडाच्या भांड्यांचे मोठे कारखाने निघाले. ईरी शहरात ग्रिस्वोल्ड (१८६५), सिडनी गावी वॅगनर (१८९१) आणि टेनेसी राज्यात जोसेफ लॉज यांची ओतशाळा (१८९६). पुढे ॲल्युमिनियमची हलकी भांडी आली, मग न चिकटणारे तवे आले. ग्रिस्वोल्डचा ईरीचा कारखाना १९५७ साली बंद पडला. लॉजची ओतशाळा १९१० साली आगीत जळाली होती. ती त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली आणि आजही चालू आहे. २००२ साली लॉजने भांडी कारखान्यातच तेल लावून भाजून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने घरी नेऊन थेट चुलीवर ठेवावे, एवढाच फरक. पण बिडाच्या भांड्यांना पुन्हा मागणी येण्यात त्याचा मोठा हात आहे.

हे काम आपल्या दुकानदारालाही जमण्यासारखे आहे. तवा धुवून विस्तवावर कोरडा करा. जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल अगदी पातळ लावून फडक्याने पुसून घ्या. धूर थांबेपर्यंत तापवा, मग आपोआप निवू द्या. असे तीन-चार वेळा केले की तेलाचा कठीण काळा थर बसतो. गंज आणि चिकटणे दोन्ही कमी होते. विकताना तीन गोष्टी सांगा : तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, तवा भिजत ठेवू नये, नव्या तव्यात चिंच-कोकमाचे आंबट शिजवू नये.

आणखी एक. तव्याला बारीक तडा असेल तर तो दाखवूनच विका. मालातला ऐब लपवणे आपल्या दीनला मंजूर नाही. कुरआन शरीफच्या ५७व्या सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड, आहे आणि लोखंडात लोकांसाठी फायदे असल्याचे त्यात सांगितले आहे. ते फायदे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे. आम्हाला वाटते, हलाल रोजीतली बरकत त्यातच आहे.