‘तुमचा इस्त्री निघाला आहे’

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे.

मी एका शॉपिंग ॲपवर काम करायचो. मराठी मेसेज बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी एकच वाक्य लिहिलं: ‘तुमचा अमुक निघाला आहे.’ अमुकच्या जागी कोड वस्तूचं नाव भरणार. टेस्टिंगला ‘मिक्सर’ टाकला. ‘तुमचा मिक्सर निघाला आहे.’ मस्त!

दोन आठवड्यांनी आईने त्याच ॲपवरून इस्त्री मागवली. तिला मेसेज गेला, ‘तुमचा इस्त्री निघाला आहे. पत्ता तपासायला लिंक उघडा.’ आईने तो डिलीट करून टाकला. पत्ता अर्धवट होता, त्यामुळे इस्त्री परत गेली. मी विचारलं तर म्हणाली, “अरे, असलं मराठी कोण लिहितं? मला वाटलं फ्रॉडच आहे.”

तो फ्रॉड मी लिहिला होता!

आता मुद्द्यावर येऊ. इस्त्रीत बायकी असं काय आहे? काहीच नाही. लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं. ग्रंथ तो, पोथी ती, पुस्तक ते. तिन्हीत पानंच असतात. चहा आपल्याकडे ‘झाला’, हिंदीत ‘चाय’ स्त्रीलिंगी. चहा बदलला का? नाही, शब्द बदलला.

संस्कृतमध्ये तीन लिंगं होती. हिंदीत दोनच उरली. मराठी, गुजराती आणि कोकणीने नपुंसकलिंगही सांभाळलं. आणि हे लिंग नुसतं शब्दाजवळ बसून राहत नाही, अख्ख्या वाक्यात फिरतं. तुमचा मिक्सर निघाला, तुमची इस्त्री निघाली, तुमचं कपाट निघालं. एवढंच काय, ‘आईने मिक्सर घेतला, इस्त्री घेतली, कपाट घेतलं’ यात घेणारी आईच, पण क्रियापद वस्तूच्या मागे जातं. इंग्रजीत ही भानगडच नाही, म्हणून तिथे एका साच्यात शंभर वस्तू बसतात.

मग मी म्हटलं, नियम लिहून कोडलाच ओळखायला लावू. शेवटी ‘ई’ असेल तर स्त्रीलिंगी: बॅटरी, सुरी, वाटी. छान चाललं होतं, तेवढ्यात आठवलं, पाणी आणि लोणी ‘ते’, मोती ‘तो’. बाहेरून आलेले शब्द तर आपापली सोय बघतात. बस, कार, ट्रेन बहुधा ‘गाडी’च्या ओळखीने ‘ती’ झाल्या, पण ट्रक मात्र ‘तो’च. ‘वेळ’ दोन्हीकडे: वेळ गेला आणि वेळ आली, दोन्ही बरोबर. आणि कधी लिंग बदललं की अर्थही सरकतो. डबा मोठा, डबी छोटी, आणि डबडं म्हटलं की त्याची इज्जतच गेली!

म्हणजे पक्का नियम नाही. मग दोनच मार्ग उरतात. एक, प्रत्येक शब्दाशेजारी त्याचं लिंग डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचं आणि वाक्य तीन प्रकारे तयार ठेवायचं. पण आमच्याकडे वस्तूंची नावं विक्रेते टाकायचे, रोज नवी. म्हणून दुसरा मार्ग: ‘तुमची ऑर्डर निघाली आहे: इस्त्री.’ ऑर्डर कायम ‘ती’. आता पुढे काहीही येऊ दे, वाक्य मोडत नाही.

या नियमांची यादी आईने कधी पाठ केलेली नाही. तरी एका ‘चा’ने तिला कळलं की हे लिहिणाऱ्याने मराठी ऐकून पाहिलेलं नाही. आणि ते खरंच होतं. मी वाक्य मोठ्याने वाचलंसुद्धा नव्हतं. आता प्रत्येक मेसेज तीन शब्द घालून वाचतो: एक तो, एक ती, एक ते.

नवा मेसेज आईला दाखवला. म्हणाली, “हां, आता माणसाने लिहिल्यासारखं वाटतं.” मी लगेच सांगितलं, मराठी शुद्ध असलं तरी अनोळखी लिंक उघडायची नाही!

जाता जाता सांगा, तुमच्या घरी ईमेल ‘आला’ की ‘आली’? भेटू पुढच्या भागात.