जनुकसंचांचे दप्तर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील 'जेनबँक' हा जनुकीय क्रमांचा सार्वजनिक संग्रह १९८२ साली सुरू झाला, तेव्हा त्या वर्षअखेरच्या आवृत्तीत अवघ्या ६०६ नोंदी आणि ६,८०,३३८ अक्षरे होती. आणि त्यांतील पुष्कळशी अक्षरे शास्त्रीय नियतकालिकांच्या छापील पानांवरून, ओळ न् ओळ ताडून पाहत, माणसांनी संगणकात उतरवून घेतलेली होती. अक्षरे म्हणजे ए, सी, जी आणि टी ही चार रासायनिक घटकांची आद्याक्षरे. डीएनएच्या धाग्यावरील त्यांचा अनुक्रम म्हणजे जनुकीय क्रम, आणि एखाद्या प्राण्याच्या पेशीतील असा समग्र अनुक्रम म्हणजे त्याचा जनुकसंच. १९९८ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो प्राणिसृष्टीतील पहिला. त्यामागून फळमाशी, उंदीर, कोंबडी, कुत्रा, गाय यांची रीघ लागली, आणि आज जेनबँक, ब्रिटनमधील हिंक्स्टनचा युरोपीय संग्रह व जपानमधील मिशिमाचा संग्रह ही तीन दप्तरे रोजच्या रोज परस्परांच्या नोंदी उतरवून घेत, कित्येक लाख कोटी अक्षरांचा समाईक ऐवज सांभाळीत आहेत. हा ऐवज कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतो. आणि बहुधा या सुलभतेमुळेच त्याच्याविषयीच्या काही समजुती सुशिक्षित वाचकाच्या मनातही बिनतक्रार रुजून बसल्या आहेत. त्यांतील ठळक तेवढ्या येथे तपासावयाच्या आहेत.

गैरसमज १ : जनुकसंच एकदा वाचून झाला, की काम संपले.

वस्तुस्थिती : कोणतेही यंत्र गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचीत नाही. ते असंख्य तुकडे वाचते, आणि त्या तुकड्यांची टोके एकमेकांशी जुळवून मूळ क्रम पुन्हा उभा करावा लागतो. पण जेथे तोच मजकूर शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येतो, तेथे कोणता तुकडा कोठला हे ठरविणे दुरापास्त होते, आणि अशा ठिकाणी माहितीकोशात 'एन' हे अक्षर, म्हणजे 'येथे काय आहे ते अज्ञात' अशी प्रामाणिक कबुली, लिहून ठेवण्याचा रिवाज आहे. मानवी जनुकसंचाचा मसुदा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याची द्वाही फिरली, तथापि सुमारे ८ टक्के भाग अनिर्णितच राहिला होता आणि तो भरून निघाल्याचे शोधनिबंध २०२२ मध्ये आले. उंदराचा मसुदा २००२ चा. परंतु त्याची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली जुळणी जेनबँकेत 'जीसीए_०००००१६३५.९' या क्रमांकाने नोंदलेली आहे, आणि त्यातील बिंदूनंतरचा ९ हा आकडा सांगतो, की ही त्या नोंदीची नववी आवृत्ती होय. आधीच्या आवृत्त्या फेकून दिल्या जात नाहीत. कारण त्या त्या काळच्या निबंधांनी जनुकांचे ठावठिकाणे त्या आवृत्तीवरून मोजलेले असतात, आणि आवृत्तीचा आकडा न सांगता दिलेला ठावठिकाणा निरर्थक ठरतो.

गैरसमज २ : 'कुत्र्याचा जनुकसंच' म्हणजे यच्चयावत् कुत्र्यांचा जनुकसंच.

वस्तुस्थिती : २००५ मध्ये कुत्र्याचा म्हणून जो जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो टाशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा होता, आणि ती मादी असल्यामुळे त्या आदर्श प्रतीत वाय गुणसूत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाईच्या जनुकसंचामागेही प्रामुख्याने डॉमिनेट नावाची एकच हेरफर्ड गाय होती. आता खिल्लार किंवा डांगी जनावराचे डीएनए वाचून ते या हेरफर्ड प्रतीशी ताडून पाहिले, तर जे भाग खिल्लारात आहेत पण हेरफर्डात मुळीच नाहीत, त्यांना जुळविण्यास जागाच सापडत नाही आणि ते हिशेबातून निसटतात. जे निसटले त्याची दादही कोठे लागत नाही. हा एकांगीपणा घालविण्यासाठी अनेक व्यक्तींचे क्रम एकत्र गुंफलेला समावेशक जनुकसंच तयार करण्याकडे आता कल आहे. मानवाच्या बाबतीत ४७ व्यक्तींवर आधारलेला असा पहिला मसुदा २०२३ मध्ये आला, आणि पाळीव जनावरांच्या बाबतीतही त्याच दिशेने काम चालू आहे.

गैरसमज ३ : प्राणी जितका मोठा, तितका त्याचा जनुकसंच मोठा.

वस्तुस्थिती : निळा देवमासा हा आजवरचा सर्वांत प्रचंड प्राणी, पण त्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांहूनही लहान आहे. उलट दक्षिण अमेरिकेतील फुप्फुसमाशाचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकसंच ९१ अब्ज अक्षरांचा, म्हणजे मानवाच्या तिसेक पट भरला, आणि त्याच्या १९ गुणसूत्रांपैकी १८ गुणसूत्रे अशी निघाली, की त्यांतील प्रत्येक एकटेच माणसाच्या समग्र जनुकसंचापेक्षा मोठे आहे. हा फुगवटा जनुकांचा नव्हे. स्वतःच्या प्रती काढीत पसरत जाणाऱ्या डीएनए-खंडांचा आहे. जनुके मोजू गेल्यास पहिल्या परिच्छेदातील सूत्रकृमी आणि माणूस दोघेही २०,००० च्या आसपासच आढळतात. तेव्हा संग्रहात नव्या प्राण्याची भर घालताना किती जागा लागेल आणि जुळणीला किती कष्ट पडतील, याचा अंदाज त्याच्या देहावरून बांधता येत नाही.

गैरसमज ४ : माहितीकोशात आहे, म्हणजे तपासून घेतलेले आहे.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर २०१५ मध्ये टार्डिग्रेड या अर्ध्या मिलिमीटरच्या चिवट जीवाविषयी असा निष्कर्ष एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला, की त्याच्या जनुकांपैकी सुमारे १७.५ टक्के जनुके जीवाणूंसारख्या परकीय जीवांकडून आलेली आहेत. पण त्याच जातीवर काम करणाऱ्या एडिंबरोच्या गटाने अल्पावधीतच दाखवून दिले, की ही 'परकीय' जनुके बव्हंशी त्या प्राण्याची नव्हेतच. नमुन्यात सोबत आलेल्या जीवाणूंचे डीएनए त्याच्या खात्यावर जमा झाले होते. २०१४ मध्ये तर परम्याच्या जीवाणूच्या म्हणून नोंदलेल्या एका जनुकसंचात गाई-मेंढ्यांचे डीएनए सापडले. प्राण्याने खाल्लेले अन्न, त्याच्या अंगावरचे परजीवी, प्रयोगशाळेतील शेजारचा नमुना, हाताळणाऱ्या माणसाची त्वचा, यांपैकी कशाचेही डीएनए नमुन्यात शिरू शकते, आणि यंत्र जे मिळेल ते इमानाने वाचते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पडताळणीत जेनबँकेतील २० लाखांहून अधिक नोंदींत अशी भेसळ आढळली. आता नव्या जनुकसंचाची नोंद रुजू होण्यापूर्वी परकीय डीएनए हुडकणारी चाळणी लावली जाते. तथापि या चाळणीला ज्ञात जीवांचेच डीएनए ओळखता येते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गैरसमज ५ : चूक उघडकीस आली, की कारभाऱ्यांनी ती तत्काळ खोडून टाकावी.

वस्तुस्थिती : तलाठ्याला सातबाऱ्यावरील नाव आपल्या मर्जीने बदलता येत नाही, त्यासाठी रीतसर फेरफार व्हावा लागतो; जेनबँकेच्या मूळ नोंदींचा मामलाही बराचसा असाच आहे. नोंद ज्या संशोधकांनी दाखल केली, तिच्या मजकुराचे धनी तेच. त्यांच्या अर्जाखेरीज क्रमातील एक अक्षरही बदलले जात नाही, आणि दप्तराच्या कारभाऱ्यांना फार तर शंकेचा शेरा मारता येतो किंवा ती नोंद शोधाच्या यादीतून बाजूला ठेवता येते. ही व्यवस्था संथ खरीच. पण कोणी, केव्हा, काय लिहिले याचा माग तिच्यामुळे अबाधित राहतो. जाणकारांनी निवडून, शोधून, सुधारून घेतलेल्या नोंदी हव्या असणाऱ्यांसाठी 'रेफसेक' हा वेगळा संग्रह जेनबँक चालविणाऱ्या संस्थेनेच उभारला आहे. अभिलेख जसाच्या तसा जपणे आणि शुद्ध प्रत तयार करणे ही दोन भिन्न कर्तव्ये असून, जनुकसंचाच्या क्रमांकाचा आरंभ 'जीसीए' असा आहे की 'जीसीएफ', एवढे पाहिले तरी हाती आलेली जुळणी मूळ अभिलेखातील आहे की रेफसेकमधील, हे कळते.

गैरसमज ६ : आता सारे काही संगणक करतो, माणसांचे काम उरलेले नाही.

वस्तुस्थिती : क्रम म्हणजे केवळ अक्षरांची रांग, तिच्यातील कोणता भाग जनुक, ते काय करते, आणि बिघडले तर प्राण्यात काय विकार दिसतो, हे जोडून दिल्याखेरीज ती रांग मुकीच राहते. जनुकांचा अंदाज संगणक करतो हे खरे, परंतु फळमाशीच्या 'फ्लायबेस'सारख्या संग्रहांत शास्त्रज्ञांचा पगारी वर्ग प्रसिद्ध होणारे निबंध वाचून प्रत्येक विधान योग्य जनुकाच्या खाती टाकीत असतो. केवळ यंत्रावर विसंबल्यास काय होते, याचा मासला एक्सेलने पुरविला आहे. 'सेप्ट-२' किंवा 'मार्च-१' या संक्षेपांची जनुके कोष्टकात लिहिली, की एक्सेल त्यांना सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा समजून परस्पर बदलून टाकी. २०१६ मधील एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशी गफलत आढळली. अखेरीस २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावे 'सेप्टिन-२' आणि 'मार्चएफ-१' अशी बदलल्याचे जाहीर केले, आणि मग हा बदल निरनिराळ्या संग्रहांतून, जुन्या नावांचे दाखले कायम ठेवून, उतरवून घ्यावा लागला.

गैरसमज ७ : वापर फुकट, म्हणजे कारभार बिनखर्ची.

वस्तुस्थिती : वापरणाऱ्याला दाम पडत नाही, कारण ते कोणीतरी दुसरा मोजीत असतो, आणि तो हात आखडला, की दप्तराचा पाया डळमळतो. यंत्रांनी वाचलेले कच्चे तुकडे साठविणारा अमेरिकेतील प्रचंड संग्रह अर्थसंकल्पातील ओढाताणीमुळे क्रमशः बंद करण्याचे २०११ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले होते. शास्त्रज्ञांत चिंता पसरली, आणि त्याच वर्षी पुढे तो चालू ठेवण्याचा निर्णय झाला. २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची सरकारी अनुदाने, आणि त्यांतच फ्लायबेसचे अनुदानही, थांबली, तेव्हा फ्लायबेसला जगभरच्या प्रयोगशाळांकडे देणग्यांसाठी हात पसरावा लागला. नव्या प्राण्याचा जनुकसंच वाचण्यासाठी पैसा उभा करणे तुलनेने सोपे, कारण त्यातून निबंध आणि कीर्ती दोन्ही मिळतात. जुनी नोंद दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

गैरसमज ८ : ही परदेशांतील बाब, आपला तिच्याशी संबंध काय?

वस्तुस्थिती : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांशी आपल्या शेतकऱ्याची गाठ वर्षानुवर्षे पडत आली आहे; त्यांतील नागाचा जनुकसंच भारतीय संशोधकांच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विषाशी निगडित १३९ जनुके मिळाली, आणि त्यांपैकी केवळ विषग्रंथीतच कार्यरत असणारी १९ जनुके वेगळी काढता आल्यामुळे घोड्याच्या रक्तावर न विसंबणाऱ्या प्रतिविषाचा विचार शक्य झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले, आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची विदा देशातच जतन करण्याची तजवीज झाली. हक्काचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे: प्राणी एका देशातला, क्रम सर्वांना खुला, आणि औषधाचा नफा तिसऱ्याचाच, हा तिढा सोडविण्यासाठी जैवविविधता करारातील देशांनी 'काली निधी' स्थापन केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या या निधीत अशा माहितीवर नफा मिळविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला वाटा घालावा अशी अपेक्षा आहे. सक्ती मात्र नाही.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अर्थ बायोजीनोम' प्रकल्पाने प्राणी, वनस्पती, बुरशी आदींच्या ज्ञात अशा सुमारे १५ लाख जातींचे जनुकसंच वाचण्याचा संकल्प सोडला आहे, आणि यंत्रांचा वेग व घटता खर्च पाहता तो अगदीच मनोराज्य म्हणता येत नाही. मात्र नमुना कोठे आणि केव्हा मिळाला, तो नर की मादी, त्याचा जतन केलेला देह कोणत्या संग्रहालयात आहे, आणि जात ओळखली कोणी, एवढे तपशील नोंदीत नसतील, तर निर्दोष वाचलेला क्रमही पुढच्या अभ्यासकाला ताडून पाहता येणार नाही. असे तपशील मागून घेणारा, विसंगती दिसल्यास पत्र लिहून खुलासा मागणारा आणि जुन्या आवृत्तीचा दाखला नव्या आवृत्तीला जोडून देणारा माणूस कोणत्याही शोधनिबंधाच्या शीर्षस्थानी झळकत नाही. म्हणून जनुकसंचाच्या वाचनासाठी अनुदान मंजूर करणाऱ्यांनी, मग ते दिल्लीतील असोत वा वॉशिंग्टनमधील, त्याच ठरावात या माणसाच्या पगाराची आणि पुढील काही वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद करणे अगत्याचे आहे.