रोज विचारणारा माणूस

चंद्रपूरच्या एका वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) वसाहतीत, एका बाईंच्या शेजारी बसून मी त्यांच्या मोबाइलवरचं संभाषण पहिल्यापासून वाचत होतो. फसवणुकीच्या तक्रारीला स्क्रीनशॉट लागतात आणि घरात कुणाला ते काढायला सांगणं त्यांना शक्य नव्हतं. नवरा खाणीत होता. तो गेल्यावर मिळालेल्या पैशांतला मोठा वाटा गेला होता.

विवाहाच्या संकेतस्थळावर भेटलेला तो स्वतःला लंडनचा डॉक्टर म्हणवायचा. कित्येक आठवडे पैशाचं नाव नाही. गुडघा कसा आहे, जेवल्या का, मुलीचा पेपर कसा गेला. पेपरची तारीख त्यांनी एकदाच सांगितली होती, त्याने ती लक्षात ठेवली. माझ्या मते खरी चोरी इथेच झाली.

मग भेटवस्तूंचं पार्सल. लगेच दिल्ली विमानतळावरच्या ‘कस्टम्स’मधून फोन. शुल्क भरलं की दंड, दंड भरला की मनी लॉन्डरिंगच्या गुन्ह्याची धमकी, आणि दर वेळी नव्या माणसाचं खातं. सीमाशुल्क विभाग खासगी खात्यात पैसे मागत नाही; त्याच्या पत्रावर पडताळून पाहता येईल असा डीआयएन, म्हणजे दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, असतो. घाबरलेल्या माणसाला हे सांगणारं जवळ कुणी नसतं.

ती खाती भाड्याने घेतलेली असतात. रक्कम काही तासांत एकातून दुसऱ्यात जाते आणि एटीएममधून निघते. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवलं, तरच ती वाटेत गोठवता येते. या बाई तीन आठवडे गप्प होत्या. ठाणं लांब असलं तरी हा फोन घरूनही लागतो. आड येते ती लाज. ठाण्यातला शिपाई ओळखीचा, त्याची बायको भिशीतली. तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद आहे. बाई मात्र स्वतःलाच आरोपी धरून बसल्या होत्या.

“पैसे गेले त गेले जी. पण रोज पुसे ना, जेवल्या का म्हणून. घरात कोन पुसते?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही व्यवहारांचे क्रमांक उतरवून तक्रार नोंदवली. पुढच्याच आठवड्यात त्यांना ‘वकिला’चा फोन आला : पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा. बुडालेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. त्यांनी फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीत जोडायला मला बोलावून घेतलं.